वाणाबरोबर गांडूळ मोफत

झाडांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला येऊ नये. तुम्हीसुद्धा नाही! फ्लॅट घेताना लोक विचारतात, पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळतं का. मी खिडकीखालची माती चिमटीत घेतली, हुंगली आणि म्हणालो, "घेतला!" एजंट बिचारा म्हणाला, "साहेब, आतून तरी बघा." मी म्हणालो, "आत काय, खोल्याच असणार!"

तर सीवूड्समध्ये, करावे गावाच्या अलीकडे, 'सागरगंध' नावाची आमची सोसायटी आहे. ओहोटीच्या वेळी खाडीवरून वारा सुटला की हे नाव किती खरं आहे ते कळतं. तिथे तळमजल्यावर मी, श्यामसुंदर, सपत्नीक राहतो. पोटासाठी ऐरोलीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम तपासतो, पण खरा जीव माझ्या बागेत. बाग म्हणजे खिडकीखालचा साडीएवढा पट्टा. त्यात मोगरा, कढीपत्ता, अळू, आणि कोपऱ्यात गांडूळखताचा निळा ड्रम! त्या ड्रमाबद्दल मी बोलायला लागलो, की ऑफिसातली माणसं डबा अर्धा टाकून हात धुवायला पळतात.

आता माझी बायको, विजयमाला. ही साताऱ्याकडची. कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. पण गेलं वर्षभर ती सोसायटीतल्या बायकांत गप्प गप्प असायची, आणि त्याला कारण होती चहाची गाळणी.

आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी हळदीकुंकू असतं. तिळगुळाबरोबर वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यायची. आणि दिलेल्या वस्तूचं पोस्टमॉर्टेम लिफ्टमध्ये होतं! गेल्या वर्षी विजयमालानं गाळण्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ती लिफ्टबाहेर उभी असताना आतून आवाज आला, "गाळणीच दिली गं! तीपण अशी, की चहापत्ती खाली आणि चहा वर!" आवाज अक्षतावहिनींचा. अक्षतावहिनी म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या हसल्या की अख्खी बी विंग हसते. लिफ्टचं दार उघडलं, समोर विजयमाला दिसली, आणि सगळ्याजणी एकदम मजल्यांचे आकडे वाचायला लागल्या.

त्या दिवशी ती घरी येऊन रडली. भांडण झालं की मला रडवणारी बाई स्वतः रडली! मला फार वाईट वाटलं.

"या वर्षी," ती डिसेंबरातच म्हणाली, "असं वाण द्यायचं, की मला त्यांच्यात मान वर करून बसता आलं पाहिजे. सुचवा काहीतरी."

"तुळस!" मी म्हणालो. "घरची, माझ्या हातची! प्रत्येकीला एक कुंडी. असं वाण अक्षतावहिनींनी स्वप्नात दिलं नसेल."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पहिल्यांदाच बघितलं. मी लगेच खुरपं उचललं.

रोपांना तोटा नव्हता. मंजिऱ्या पडून बागेत तुळशीची नुसती गर्दी झाली होती. पण रोपं कुंड्यांत लावताना मला एक नवलच दिसलं. दिवाळीत मी नर्सरीतून एक शोभेचं झाड आणलं होतं. त्याच्या कुंडीखाली एक प्राणी वळवळत होता. वीतभर लांब, चपटा, तपकिरी, पाठीवर काळी रेघ, आणि डोकं कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पसरट. असा रुबाबदार गांडूळ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. विलायती जात! दुसरं काय असणार?

मग मी ड्रमात बघितलं, तर तिथेही तेच. महिनाभरात साधी गांडुळं कमी झालेली आणि ही विलायती वाढलेली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. पण मी विचार करणारा माणूस! डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांची संख्या घटते तेव्हा बेडूक वाढतात ना? तसंच हे. आपली देशी गांडुळं माझं खत खाऊन मोठी झाली की त्यांची ही बनत असणार!

एवढ्यात खुरप्याचा धक्का लागून एकाचे दोन तुकडे झाले. मी हळहळलो. पण काय सांगू तुम्हाला, दोन्ही तुकडे आपापल्या वाटेनं चालायला लागले. आठवड्याभरात बिनडोक तुकड्याला डोकंही फुटलं!

"विजू, हे बघ! कापला तरी मरत नाही! दोन झाले!"

"शी! लांब धरा ते. तुळशीत घालू नका."

"अगं, गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र."

"मित्र असल्या डोक्याचा असतोय व्हय?"

तिला शास्त्र कळत नाही. मी प्रत्येक कुंडीत एकेक मित्र सोडला. पुरेनात म्हणून बाकीच्यांचे तुकडे केले. एकीला मोठा आणि दुसरीला छोटा असा अन्याय नको, म्हणून सगळे सारखे कापले.

हळदीकुंकू झालं ते असं झालं म्हणता! कुंड्यांना विजयमालानं स्वतः गेरू लावून पांढऱ्या रंगानं नक्षी काढली होती. बायका हरखून गेल्या. अक्षतावहिनींनी तर कुंडी छातीशी धरली. "विजयमालाताई, मानलं तुम्हाला! ही मी आयुष्यभर जपणार!"

हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषांनी बेडरूममध्ये गप्प बसायचं असतं. पण माझ्याच्यानं राहवेना. मी दार उघडून बाहेर आलो आणि म्हणालो, "ताई, वहिनी, प्रत्येक कुंडीत एक विलायती गांडूळ आहे. मोफत!" एकदोघींनी कुंडी अंगापासून जरा लांब धरली, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या रात्री विजयमाला झोपेतसुद्धा हसत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी सगळ्यांना त्या गांडुळाचा फोटो दाखवला. सगळे नेहमीप्रमाणे हात धुवायला उठले. फक्त ईश्वरी नावाची नवी मुलगी बसून राहिली. तिनं प्राणिशास्त्र घेऊन पदवी केलेली. तिनं फोटो मोठा करून बघितला.

"सर, हा गांडूळ नाहीये."

"मग काय आहे?"

"हा गांडूळ खातो."

मग तिनं सगळं सांगितलं. हा हातोडीच्या डोक्याचा चपटा कृमी. बाहेरून आलेला. कुंड्यांच्या मातीतून इकडून तिकडे पसरतो, जिथे जाईल तिथली गांडुळं संपवतो. अंगात विष असतं, म्हणून उघड्या हातानं धरायचा नाही. "आणि सर, काहीही करा, पण कापू नका. जितके तुकडे, तितके नवे होतात. तुम्ही कापला नाहीत ना?"

"छे!" मी म्हणालो आणि तांब्याभर पाणी प्यायलो.

घरी येऊन विजयमालाला सांगितलं. ती खुर्चीत बसली. मी म्हणालो, "त्यात काय, सगळ्यांकडे जाऊन कुंड्या परत मागून आणतो."

"परत मागणार?" ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "दिलेलं वाण? तेही तुळशीचं? त्यापेक्षा मला त्या गाळणीत बसवून खाडीत सोडा! लिफ्टमध्ये काय बोलतील माहीत आहे? गेल्या वर्षी गाळणी, यंदा किडे! काय वाट्टेल ते करा, पण कुणाला कळता कामा नये."

तिचे डोळे भरून आले होते. मग मी म्हणालो, मी आहे ना!

ईश्वरीनं उपायही सांगितला होता. त्या कृमीवर मीठ टाकायचं किंवा व्हिनेगर शिंपडायचं, की तो विरघळतो. व्हिनेगर आमच्या घरात कधी येत नाही. आमच्याकडे आंबट म्हणजे लिंबू! मी पिशवीभर खडेमीठ आणि डझनभर लिंबं घेतली. विषाची भीती, म्हणून हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर रुमाल. ऑफिसात रजा टाकली आणि वेळ भर दुपारची निवडली. जेवून सगळी सोसायटी आडवी झालेली असते, जिन्यात चिटपाखरू नसतं.

एकेका मजल्यावर दारासमोरच्या तुळशी शोधत मी निघालो. काडीनं माती उकरायची, कृमी दिसला की मीठ, वर लिंबू, आणि तोंडानं, "मर! मर लवकर!" पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. आमच्या कुंड्या फारच थोड्या दारांत होत्या. म्हटलं, बाकीच्या बायकांनी बाल्कनीत ऊन बघून ठेवल्या असतील. अक्षतावहिनींच्या दारात मात्र छान डेरेदार तुळस होती, पितळी घंगाळात लावलेली. मला गहिवरून आलं. दोन दिवसांत नव्या भांड्यात लावलीसुद्धा! माती उकरली, पण कृमी काही सापडेना. लपला असणार लबाड! म्हणून मी तिथे चांगलं ओंजळभर मीठ घातलं आणि दोन लिंबं कापून कडेनं पिळली.

"काय र भाव," मागून आवाज आला, "तुलशीला मीठ कशाला लावतंस? सुकट करतंस काय तिची?"

मी दचकून वळलो. मागे सुंदराबाई! करावे गावातली ही कोळीण टोपली घेऊन आमच्या सोसायटीत दारोदार मासळी विकते.

"औषध आहे, मावशी," मी रुमालातून म्हणालो.

तिनं माझ्या हातमोज्यांकडे बघितलं. कापलेल्या लिंबांकडे बघितलं. मग मिठाकडे.

"आज आवस हाय," ती म्हणाली.

"अमावास्या? असेल. बरं मग?"

"काय नाय," ती म्हणाली आणि पापलेट घेणार का, हे न विचारता टोपलीसकट जिन्यानं खाली गेली. सुंदराबाई मासळी न विकता गेली, असं आजवर कधी झालं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

सुंदराबाईनं दारोदार माझं नाव सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर धूर निघाला. आमची माणसं सगळी शिकलेली, निम्मी आयटीत. त्यामुळे प्रत्येक मेसेजची सुरुवात एकच, 'माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही, पण...' पण अमावास्येला दारात लिंबू कुणी टाकलं? पण मीठ कशाला? कुणाचं वायफाय गेलं, तर ती माझी करणी. कुणाची परदेशवारी कंपनीनं रद्द केली, तीही माझीच! आणि एवढं मीठ खाऊन दोन दिवसांत अक्षतावहिनींच्या दारातली तुळस काळी पडली. मग तर बोलायलाच नको!

वर कुणाकडे हळदीकुंकवाला जायला विजयमाला लिफ्टमध्ये शिरली, की आतल्या बायकांना काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि त्या बाहेर पडायच्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. नुसती भाजी निवडत बसायची आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायची.

रविवारी चेअरमन धर्मराजसाहेबांनी क्लबहाउसमध्ये मीटिंग बोलावली. सगळे आले. आमच्या देखभालीच्या मीटिंगला कोरम होत नाही, इथे उभं राहायला जागा नव्हती! धर्मराजसाहेबांनी दिवे मालवले आणि भिंतीवर सीसीटीव्हीची फिल्म लावली. तोंडाला रुमाल बांधलेला एक इसम रबरी हातांनी तुळशीभोवती मीठ टाकतोय, लिंबू कापतोय आणि काहीतरी पुटपुटतोय. खरं सांगतो, मला स्वतःलाच माझी भीती वाटली.

दिवे लागले. "श्यामसुंदरराव," धर्मराजसाहेब म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही, पण यावर तुमचं म्हणणं काय?"

मी विजयमालाकडे बघितलं. ती पदर घट्ट धरून बसली होती. तिनं ओठ न हलवता म्हटलं, "सांगून टाका. करणीपेक्षा किडा बरा."

मग मी सगळं सांगितलं. विलायती गांडूळ, तो गांडूळ नसणं, विष, तुकडे, सगळं!

"म्हणजे तो आमच्या घरात आहे?" कुणीतरी विचारलं.

"एकच आहे," मी धीर दिला. "म्हणजे सुरुवातीला एकच होता."

एकदम गलका झाला! मी हात जोडून ओरडलो, "सगळ्यांनी कृपा करून आमच्या कुंड्या आणून द्या. मी माती बदलतो, मुळं धुतो आणि घरपोच करतो."

"कुंड्यांचं राहू द्या!" अक्षतावहिनी ताडकन उठल्या. "आधी माझ्या तुळशीचं बोला! माझ्या सासूबाईंच्या हातची तुळस, मिठात घालून मारलीत तुम्ही!"

"सासूबाईंच्या हातची?" मी गोंधळलो. "म्हणजे ती आमची नव्हती?"

"तुमची कशाला असेल?"

"मग आमची कुठाय?"

अक्षतावहिनी पदर सावरायला लागल्या. "ती आत आहे. म्हणजे... आत म्हणजे... नणंदेकडे. उलव्याला."

विजयमाला हळूच उभी राहिली. "आयुष्यभर जपणार होतात ना?"

"अहो, नणंदेच्या घरी वास्तुशांत होती, हातात काहीतरी न्यायला नको का?"

विजयमालानं शेजारच्या बाईकडे बघितलं. "तुमची?" ती कोपरखैरण्याला जावेकडे. पुढची? पनवेलला विहीणबाईंकडे. तिसरीनं तर ऑफिसातल्या हळदीकुंकवाला तीच कुंडी पुन्हा वाण म्हणून दिली होती! एक कुंडी सोसायटीतच तीन घरं फिरली होती आणि तिन्ही बायका एकाच सोफ्यावर बसल्या होत्या. मी डोक्याला हात लावला. या कृमीला जग फिरायला जहाजं लागली असतील. आमच्या महिला मंडळाला नवी मुंबईसाठी एक आठवडा पुरला!

आणि मग माझी बायको बोलायला लागली. वर्षभराचं साचलेलं!

"मी मातीत हात घातले. एकेका कुंडीला गेरू लावला, बोटं वाकडी होईस्तोवर नक्षी काढली. आणि तुम्हाला ती दोन दिवस घरात ठेववली नाही? माझ्या गाळणीला हसलात, मी गप्प बसले. आमच्या माणसाला मांत्रिक ठरवलंत, तरी गप्प बसले. वाण म्हणजे काय कुरिअर हाय व्हय, इकडनं आलं की तिकडं पाठवायचं? त्यामागचं मन बघायचं असतं!"

कुणाची मान वर होईना. धर्मराजसाहेबांच्या मिसेस छताचा पंखा बघत होत्या. त्यांचीही कुंडी वाशीला गेली होती, हे मला मागाहून कळलं. अक्षतावहिनींचा आवाज चक्क ओला झाला. "चुकलंच आमचं, विजयमालाताई. गाळणीचंही चुकलं. पुढच्या वर्षी मंडळाचं हळदीकुंकू तुमच्याच हातानं होऊ दे."

विजयमालाची मान अशी ताठ झाली म्हणता! किडे मी वाटले, तुळस मी मारली, आणि माफी मात्र समोरचे मागत होते. मला बायकोचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. तिथेच मीटिंग संपायला हवी होती!

पण विजयमाला आता पुरती रंगात आली होती. "आम्ही दिलेलं वाण जिवापाड जपतो," ती म्हणाली. "अक्षतावहिनी, तुम्ही यंदा काचेचे बाऊल दिलेत ना? कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत. कुणाला हात लावू देत नाही मी. विचारा यांना!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता माझी बाजू समजून घ्या. मी नुकतंच सगळ्यांसमोर खरं बोललो होतो आणि त्याचा एवढा फायदा झाला होता. शिवाय कुणी माहिती विचारली की ती पूर्ण द्यायची, ही क्लेम तपासणाऱ्या माणसाची सवय.

"अगं, ते बाऊल नाहीत आता," मी म्हणालो. "कऱ्हाडच्या मावशींना नाही का दिलेस परवा, बॉक्ससकट? त्यावरचं अक्षतावहिनींच्या नावाचं स्टिकर मीच तर नखानं खरवडून काढलं!"

पुढचं काय सांगू? कृमींचं म्हणाल, तर ते आता आटोक्यात आहेत. दर रविवारी मी उलव्यापासून पनवेलपर्यंत हिंडतो, अनोळखी बायकांच्या कुंड्या उपसतो, माती बदलून देतो. लोक चहा देतात, चांगलं बोलतात. विजयमालासुद्धा बोलते माझ्याशी, कामापुरतं. फक्त घरात चार बायका जमल्या, की ती फार गोड आवाजात म्हणते, "अहो, जरा बागेत बघता का काहीतरी?"

ड्रम रिकामा केलाय, माती बदलून झाली, बागेत बघण्यासारखं आता काही नसतं. तरी मी मुकाट्यानं जातो!